व्हीनस फ्लायट्रॅपचे उद्यानसंवर्धन

व्हीनस फ्लायट्रॅप ही ड्रॉसेरेसी कुलातील बहुवर्षायू, कीटकभक्षक ओषधी असून तिचे शास्त्रीय नाव डायोनिया मस्सिपुला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या किनारी पट्ट्यात, विल्मिंग्टन शहराभोवती सु. १२० किमी. त्रिज्येच्या दलदली प्रदेशातच ती मूळची आहे. एवढ्या लहान मुलखातील ही वनस्पती आज जगभर कुंड्यांतून वाढविली जाते. तिच्या प्रसाराचे श्रेय आणि तिच्या ऱ्हासाचा काही दोष उद्यानप्रेमींच्याच पदरी पडतो.

तिचे पहिले ज्ञात वर्णन उत्तर कॅरोलायनाचा गव्हर्नर आर्थर डॉब्झ ह्याने १७५९ मध्ये लंडनच्या पीटर कॉलिन्सन ह्यास पाठविलेल्या पत्रात आढळते. कापडाचा व्यापार करून बागकामाचा छंद जोपासणाऱ्या कॉलिन्सनने बी व रोपे मिळविण्यासाठी पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. जिवंत रोपे इंग्लंडला पोहोचली ती १७६८ मध्ये, विल्यम यंग ह्याच्यामार्फत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॉलिन्सन निधन पावला आणि सप्टेंबरमध्ये जॉन एलिसने वनस्पतीचे नामकरण प्रसिद्ध केले. पान कीटकांपासून पोषण मिळवीत असावे, ही एलिसची अटकळ होती. लिनीअसला ही वनस्पती निसर्गाचा चमत्कार वाटली. तथापि एलिसचा तर्क त्याने मानला नाही. धडपड थांबताच पान कीटकाला सोडून देते, असे त्याचे मत होते.

ह्या वादात एका बागवानाचा प्रयोग उल्लेखनीय ठरतो. १८१०–२० ह्या दशकात चेल्सीतील नाइट नावाच्या रोपवाटिकाकाराने पानांवर कच्च्या गोमांसाचे बारीक तंतू ठेवून पाहिले. तेव्हा ते रोप इतरांपेक्षा जोमदार वाढले. विल्मिंग्टनच्या एम्. ए. कर्टिस ह्या धर्मोपदेशकाने १८३४ मध्ये पानातून पाझरणाऱ्या विद्रावक द्रवाचे वर्णन केले. डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ मध्ये निघाला आणि प्रश्न बव्हंशी निकालात निघाला. पानाच्या प्रत्येक अर्धावर सामान्यतः तीन संवेदी केस असतात. सु. २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाल्यास पान मिटते. त्यामुळे पावसाच्या एखाद्या थेंबाने सापळा सहसा फुकट जात नाही.

मूळ अधिवासातील माती आम्ल, वालुकामय व नायट्रोजन-फॉस्फरसांत निकृष्ट असते. इतर झाडांना मानवणारे खत-माती येथे घातक ठरते. पीट किंवा स्फॅग्नम शेवाळ व धुतलेली वाळू ह्यांचे मिश्रण, कुंडीखालच्या ताटलीत पावसाचे वा ऊर्ध्वपातित पाणी आणि भरपूर ऊन, एवढ्यावर ती पोसते. चुनखडीयुक्त पाण्याने क्षार साचून मुळे मरतात. तिला हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीची विश्रांतीही लागते. पाने काळी पडली म्हणून पुष्कळ हौशी लोक जिवंत गड्डा फेकून देतात. सापळे बोटाने वारंवार मिटविणे हा खेळ तिला महागात पडतो, कारण एकेक सापळा थोड्याच वेळा काम देऊन निकामी होतो.

महाराष्ट्रातील उष्ण मैदानी भागात अशी थंडी मिळत नाही. कोकण व सह्याद्रीतील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी दवबिंदू ही ह्याच कुलातील वनस्पती आहे; परंतु तिची येथील ड्रॉसेरा इंडिका ही जाती एकाच हंगामाची असते. सड्यावरून उपटून आणलेले रोप कुंडीत क्वचितच टिकते. तिला जागेवरच पाहणे बरे.

विसाव्या शतकात व्यापारासाठी कॅरोलायनातील दलदलींतून व्हीनस फ्लायट्रॅपची रोपे मोठ्या प्रमाणावर उपटली गेली. १९९२ मध्ये तिचा वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. पर्णकलमे व ऊतक संवर्धन ह्यांमुळे रोपवाटिकांची गरज भागू लागली, तरी चोरटी तोड थांबली नाही. १ डिसेंबर २०१४ पासून उत्तर कॅरोलायनाने परवानगीवाचून तिची रोपे उपटणे हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरविला. कायद्याच्या आवाक्याबाहेरचे कारण निराळेच आहे : नैसर्गिक वणवे विझविले गेल्याने झुडपे माजतात व बुटक्या रोपांवर सावली पडते. म्हणून राखीव क्षेत्रांत ठराविक वर्षांनी मुद्दाम नियंत्रित आग लावावी लागते.