करवीर संस्थानची लोकसंख्या : पन्नास वर्षं जागच्या जागी

बिद्री म्हटलं की आज लोकांना साखर कारखाना आठवतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गारगोटीकडे जाणारा गर्दीचा रस्ता, दूधगंगेच्या पाण्यावर वर्षभर हिरवी राहणारी शिवारं. वर्गात मुलांना मी विचारतो, "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं किती माणसं असतील, आणि ती कशी राहत असतील?" तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : "सर, तेव्हा सगळं चांगलं होतं, लोक शंभर वर्षं जगायचे." खानेशुमारीचे म्हणजे जनगणनेचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. ते आकडे आपल्या घरात माहीत असावेत म्हणून हा लेख.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थान. जहागिरी धरून त्याचं क्षेत्रफळ ३,१६५ चौरस मैल होतं, म्हणजे आजच्या मापात ८,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास. करवीर, पन्हाळा, अळते, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड हे मुख्य पेटे. शिवाय रायबाग आणि कटकोळ हे भाग होते, ते आज कर्नाटकात आहेत. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी, तोरगल अशा जहागिरी संस्थानच्या छत्राखाली होत्या. आजच्या कागल तालुक्यातली काही गावं थेट दरबारच्या अंमलाखाली होती, तर काही कागल आणि कापशीच्या जहागिरीत. १९०१ च्या खानेशुमारीत संस्थानची लोकसंख्या ९,१०,०११ भरली. त्यात कोल्हापूर शहराची ५४,३७३, म्हणजे शंभरातली सहा माणसं राजधानीत. बाकीचे बहुतेक खेड्यांत आणि बाजाराच्या लहान गावांत. त्यामुळे संस्थान मानाने मोठं असलं तरी मुळात ते खेड्यांचं राज्य होतं.

आता आकडे क्रमाने बघा. १८७२ मध्ये ८ लाख ४ हजार. १८८१ मध्ये ८ लाख, म्हणजे थोडी घटच. १८९१ मध्ये ९ लाख १३ हजार. १९०१ मध्ये ९ लाख १० हजार, परत घट. १९११ मध्ये ८ लाख ३३ हजार. १९२१ मध्येही ८ लाख ३३ हजार. पन्नास वर्षांत एकूण वाढ तीस हजारांच्या आतच. याच काळात इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सव्वादोन कोटींवरून पावणेचार कोटींच्या पुढे गेली.

याचा अर्थ आपल्याकडे मुलं कमी होत होती असा नाही. मुलं भरपूर होत होती, पण जगत नव्हती. आणि मोठी माणसंही मधेच जात होती.

पहिली घट १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाची. दख्खनभर माणसं मेली, त्यातून करवीरही सुटलं नाही. १८९६-९७ ला परत दुष्काळ, लगेच १८९९-१९०० ला आणखी एक. याच सुमारास मुंबईहून प्लेग वर सरकत आला. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्याची सूत्रं हाती घेतली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यांची पहिली सहा-सात वर्षं या दोन संकटांतच गेली. स्वस्त धान्याची दुकानं, रस्ते आणि विहिरींची दुष्काळी कामं, कामावर आलेल्या बायकांच्या लेकरांसाठी सांभाळघरं असे उपाय झाले. दुष्काळात माणसं वाचवता येतात हे त्यातून दिसलं. प्लेगपुढे मात्र कुणाचं काही चाललं नाही.

१९०१ ते १९११ या दहा वर्षांत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २३ कोटी ८४ लाखांवरून २५ कोटी २१ लाखांवर गेली. करवीरची मात्र सुमारे ७७ हजारांनी खाली आली. कोल्हापूर, सातारा, बेळगाव, धारवाड हा पट्टा प्लेगने पोखरून काढला होता. माझी नानी याला "पिलेग" म्हणायची. तिच्या आईकडून ऐकलेलं ती सांगायची : घरात उंदीर मेलेला दिसला की भांडीकुंडी उचलून माळावर जायचं, गवताची खोपटं घालायची आणि महिना-दोन महिने तिथंच राहायचं. परत आल्यावर कुठल्या घराला कुलूपच राहिलं, हे बघायचं. गावोगावच्या कब्रस्तानात एका कोपऱ्यात दाटीने, बिनदगडाच्या कबरी दिसतात. जुनी माणसं त्यांना पिलेगच्या कबरी म्हणतात.

प्लेग थोडा ओसरला तोच १९१८ ला इन्फ्लुएन्झा आला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. त्याने दहा वर्षांची सगळी वाढ खाऊन टाकली. म्हणून १९११ आणि १९२१ चे आकडे जवळपास एकच आहेत. १९२१ नंतर मात्र चित्र पालटलं : १९३१ मध्ये ९ लाख ५७ हजार, १९४१ मध्ये १० लाख ९२ हजार. ही वाढ देशभर झाली. साथी आणि दुष्काळ कमी झाले, रेल्वेने धान्य हलवणं सोपं झालं. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून सुरू होतीच.

राहणीमान

पश्चिमेकडे, म्हणजे आजच्या राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, शाहूवाडीकडे, पाऊस धो धो. भात आणि नाचणी ही पिकं, घरं उतरत्या छपराची. भात तिथं पिकायचा, पण गरिबाच्या ताटात बारा महिने नाचणीच. पूर्वेला शिरोळ, गडहिंग्लजकडे काळी सपाट जमीन. ज्वारी, तंबाखू, भुईमूग, कापूस, आणि नदीकाठी मोटेच्या पाण्यावर ऊस. उसाचा गूळ व्हायचा. त्या गुळाला बाजार मिळावा म्हणून १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली गेली. नद्यांना पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात चालत पार होता येईल इतकंच पाणी. राधानगरी धरणाचं काम १९०९ च्या सुमारास सुरू झालं, पण पैशाअभावी रखडलं आणि १९५७ मध्ये पुरं झालं. तोपर्यंत राज्यच उरलं नव्हतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कारखानदारी म्हणाल तर १९०६ ची शाहू मिल आणि इचलकरंजीत १९०४ मध्ये आलेला पहिला यंत्रमाग, एवढीच सुरुवात.

शिक्षणाचं सांगायला नको. १९०१ मध्ये सगळ्या देशात शंभरातल्या पाच-सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं, बायकांत हजारात सहा-सात. १९१७ मध्ये करवीर दरबारने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड होता. त्या काळात १ रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. सक्ती खरी होती, कागदावरची नव्हती.

आपली माणसं

१९०१ मध्ये संस्थानात मुसलमान सुमारे ३८ हजार होते, शेकडा चार. जैन त्यांच्यापेक्षा जास्त होते, सुमारे ५१ हजार. मुसलमानांपैकी बहुतेकांनी आपली नोंद "शेख" अशी केली होती. प्रत्यक्षात गावात ते मुलाणी, नदाफ, शिकलगार, बागवान, तांबोळी, अत्तार, मुजावर, जमादार होते. मुलाण्याला बलुतेदारांत हक्क होता. नदाफाची कमान दिवाळीच्या आधी आणि थंडीत चालायची. जमीन थोड्यांकडे, तीही पुष्कळदा दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या इनामाची. घरात दख्खनी, बाहेर मराठी. मोहरमचे पंजे उचलायला सगळं गाव यायचं, अजूनही कित्येक गावांत येतं. कागलच्या गैबी पीराचा मान घाटगे घराण्याने राखला, आणि शाहू महाराज त्याच घराण्यातून दत्तक गेलेले.

आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार आणि उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यासारखा गवई दरबारात होता. ही नावं आपण अभिमानाने घेतो, पण त्यावरून समाजाची हालत ठरवू नये. खेड्यातल्या मुलाण्याचा मुलगा शाळेत जात नव्हता. म्हणून १९०६ हे साल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी महाराजांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं निघत होती, त्यांतलंच हे एक. खेड्यातल्या पोराला शहरात राहायची सोय झाली की तो शिकतो, इतका साधा हिशेब त्यामागे होता. त्याआधी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. बोर्डिंग नसतं तर तो हुकूम आपल्या मुलांच्या काय उपयोगाचा?

आता एक काळजी घेण्याची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार आणि त्यात मुसलमान सात टक्क्यांच्या थोडे वर आहेत. कुणी म्हणेल, चारचे सात झाले. पण आजचा जिल्हा म्हणजे जुनं संस्थान नव्हे. रायबाग, कटकोळ, तोरगल बाहेर गेले. चंदगड बेळगाव जिल्ह्यातून १९५६ मध्ये इकडे आला. कुरुंदवाडचं संस्थान वेगळं होतं, तेही यात मिळालं. इचलकरंजीच्या मागांवर कामाला बाहेरून माणसं आली. क्षेत्र बदललं की टक्केवारीची थेट तुलना करता येत नाही. हे मी दहावीच्या मुलांनाही सांगतो आणि फोनवर आकडे पाठवणाऱ्या मोठ्यांनाही.

पुढची जनगणना २०२७ ची. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. २०११ ला मी स्वतः प्रगणक म्हणून घरोघरी फिरलो होतो. आपल्या मोहल्ल्यात मातृभाषा विचारली की एकाच घरात बाप "उर्दू" सांगायचा आणि मुलगा "मराठी". घरात लग्न होऊन आलेली सून, मुंबईला कामाला गेलेला भाऊ, तान्हं मूल, यांची नावं सांगायची राहून जायची. जातीच्या रकान्यात या वेळी पुन्हा नुसतं "शेख" लिहायचं की नदाफ, शिकलगार, मुलाणी, हे घरातल्या मोठ्यांनी दाखले समोर ठेवून आधीच बसून ठरवावं. प्रगणक दारात उभा असताना त्यावर वाद घालायला वेळ नसतो.