जुन्या इंजिनासाठी वंगणतेलाची श्रेणी

जुन्या इंजिनासाठी वंगणतेलाची श्रेणी ठरवणे म्हणजे बरेच अंतर चाललेल्या व आतून झिजलेल्या वाहनाच्या इंजिनात किती दाट तेल घालावे हे निश्चित करणे होय. द्रवाच्या या दाटपणाला श्यानता म्हणतात. इंजिन जुने झाले की जाड तेल घालावे, हा समज अंशतःच खरा आहे. जाड तेलाने झिजेची लक्षणे कमी होऊ शकतात; झालेली झीज भरून निघत नाही.

श्रेणीचा अर्थ

अमेरिकेतील एसएई इंटरनॅशनल (पूर्वीची सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स) या संस्थेची श्रेणीपद्धत जगभर वापरली जाते. '१५डब्ल्यू-४०' यातील पहिला आकडा तेल थंडीत किती सहज वाहते हे दर्शवतो; तो जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. दुसरा आकडा तापलेल्या तेलाची श्यानता सांगतो. १००° सेल्सियसला ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५, ४० श्रेणीची १२.५ ते १६.३ आणि ५० श्रेणीची १६.३ ते २१.९ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद असते.

झिजेचे परिणाम

बेअरिंगमधील फट वाढली की तेल लवकर निसटते व त्याचा दाब घटतो. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली की तेल ज्वलनकक्षात जाऊन जळते आणि निळसर धूर येतो. अशा वेळी अधिक श्यान तेल फटीत टिकून राहते. मात्र फार जाड तेल इंजिन सुरू होताना उशिरा पोहोचते, इंधनाचा खर्च वाढवते आणि अरुंद तेलमार्ग असलेल्या आधुनिक इंजिनांस अपायकारक ठरू शकते.

हवामान व वापर

परभणी तालुक्यातील पिंगळी परिसरात उन्हाळ्यात तापमान ४०° सेल्सियसच्या वर जाते, तर हिवाळ्यात ते शून्याखाली उतरत नाही. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २०°, तर २०डब्ल्यूची उणे १५° सेल्सियसला होते. त्यामुळे येथे पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा अधिक महत्त्वाचा ठरतो. इंजिनाचे तापमान शीतनप्रणाली नियंत्रित करत असल्याने केवळ उन्हासाठी अतिजाड तेल आवश्यक नसते. नांगरट किंवा उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरचे तेल मात्र सततच्या भाराने अधिक तापते. एअर फिल्टर खराब असल्यास शेतातील धूळ आत जाऊन झीज वाढते. त्यावर जाड तेल हा उपाय नाही.

निवडीची पद्धत

* वाहनाच्या पुस्तिकेतील मान्य श्रेणी प्रथम पाहाव्यात. १०डब्ल्यू-३० व १५डब्ल्यू-४० दोन्ही मान्य असल्यास झिजलेल्या इंजिनासाठी दुसरी निवडता येते.
* गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकने पातळी मोजावी व दर १,००० किलोमीटरला किती तेल लागते याची नोंद ठेवावी.
* गळती असल्यास ती आधी दुरुस्त करावी. श्रेणी बदलायची झाल्यास एकाच पायरीने बदलावी.
* ओला क्लच असलेल्या मोटारसायकलींसाठी 'जासो एमए' दर्जाचे तेल लागते. धूलिकण गाळणी असलेल्या बीएस-६ डिझेल वाहनांस कमी राख सोडणारे तेल आवश्यक असते.

तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करून पातळी तपासावी. पातळी योग्य असूनही दिवा लागत असेल, तर दाबमापकाने तपासणी होईपर्यंत इंजिन चालवू नये. अशा वेळी जाड तेल घालून दिवा विझवल्यास मूळ दोष झाकला जातो आणि क्रँकशाफ्टचे मोठे नुकसान होऊ शकते.