पर्ल आणि अमेरिकेतील वेब सर्व्हर : दुरुस्ती व विस्ताराची वाटचाल

लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल ही संगणकभाषा जाहीर केली, तेव्हा वेब अस्तित्वात यायचे होते. युनिक्स यंत्रांवरील मोठाल्या फायली चाळून हवी ती माहिती वेचणे आणि तिचे अहवाल काढणे, हे पर्लचे मूळ काम. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर सीजीआय ही पद्धत रूढ झाली आणि या भाषेला नवे क्षेत्र मिळाले. कोणी फॉर्म भरून पाठवला की सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू करत असे, फॉर्ममधील मजकूर त्याच्या हवाली करत असे आणि त्याने छापलेले उत्तर ब्राउझरकडे पाठवत असे. हे सारे मजकुराच्या तोडजोडीचे काम होते आणि पर्लचा त्यात हातखंडा होता.

स्क्रिप्ट बिघडली की ब्राउझरवर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच दिसे. खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असे. तिथे वारंवार आढळणारी नोंद होती ‘प्रिमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’. उत्तराच्या आरंभी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ आणि त्यानंतर एक कोरी ओळ छापावी लागते. ती कोरी ओळ राहिली, किंवा त्याआधीच प्रोग्राम बंद पडला, की ही नोंद होई. कधी फाइलला चालवण्याची परवानगीच दिलेली नसे. कधी स्क्रिप्ट विंडोजवर लिहून युनिक्स सर्व्हरवर चढवलेली असे. मग पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटून येई आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळे.

लिंकन स्टाइन हे जनुकसंशोधनात काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या ‘सीजीआय डॉट पीएम’ या मॉड्यूलने फॉर्म वाचण्याचे किचकट काम सोपे केले. फॉर्ममधील नावे आणि मूल्ये कमांड लाइनवर देऊन स्क्रिप्ट सर्व्हरशिवाय तपासण्याची सोयही त्यात होती. पर्लच्या ‘टेंट’ पद्धतीत बाहेरून आलेली माहिती तपासल्याशिवाय यंत्राच्या आज्ञांमध्ये वापरता येत नसे. अशा सावधगिरीची गरज ‘फॉर्ममेल’ या लोकप्रिय स्क्रिप्टने दाखवून दिली. पत्र कोणाला जावे हे तिच्या जुन्या आवृत्त्या फॉर्मवरूनच ठरवत. त्याचा फायदा घेऊन जाहिरातबाज परक्या सर्व्हरवरून नकोशा ई-मेलचा मारा करू लागले.

सीजीआयची मोठी अडचण वेगाची होती. प्रत्येक मागणीसाठी पर्ल नव्याने सुरू होई आणि सगळी स्क्रिप्ट नव्याने कंपाइल होई. १९९६ मध्ये गिस्ले आस यांनी अपाची सर्व्हरच्या पोटातच पर्ल बसवले. हे मॉडपर्ल पुढे डग मॅकईचर्न यांनी वाढवले. आता स्क्रिप्ट एकदा कंपाइल होऊन स्मृतीत राहू लागली. पत्त्याचा अर्थ लावणे, ओळख पटवणे, परवानगी तपासणे, उत्तर देणे, नोंद ठेवणे अशा सर्व्हरच्या प्रत्येक टप्प्यावर पर्लमध्ये लिहिलेले काम जोडता येऊ लागले.

वेग वाढला तशी दोषाची जागा बदलली. सीजीआयमध्ये प्रोग्राम संपताच त्याच्या चुकाही पुसल्या जात. मॉडपर्लमध्ये त्या टिकून राहू लागल्या. जुनी स्क्रिप्ट मॉडपर्ल एका सबरूटीनमध्ये गुंडाळत असे. त्यामुळे आतल्या सबरूटीनने वापरलेले बाहेरचे चल पहिल्या मागणीच्या मूल्याला चिकटून बसे आणि एकाची माहिती दुसऱ्याला दिसे. सर्व्हरच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालत आणि प्रत्येकीचे पहिले मूल्य वेगळे असे, म्हणून पान पुन्हा उघडले की उत्तर बदले. असा दोष पकडण्यासाठी ‘एक्स’ हा पर्याय देऊन अपाची एकाच प्रक्रियेत चालवत; दुसऱ्या मागणीपासून चूक नेमाने दिसू लागे. ते चल सबरूटीनला मूल्य म्हणून पुरवणे, हा त्यावरचा सरळ उपाय. वाढत जाणाऱ्या स्मृतीसाठी ठरावीक मागण्यांनंतर प्रक्रिया बदलण्याची मर्यादा घालत.

मिशिगनमधील हॉलंड येथे १९९७ मध्ये सुरू झालेले स्लॅशडॉट हे तंत्रज्ञानविषयक बातम्यांचे संकेतस्थळ मॉडपर्लवरच वाढले. मोझिलाची दोषनोंदणी करणारी बगझिला ही प्रणाली १९९८ मध्ये टीसीएलमधून पर्लमध्ये आली. २००१ मध्ये आलेल्या मूव्हेबल टाइप या ब्लॉगप्रणालीत मूळ कोडला हात न लावता प्लगइन जोडता येत. याचे महत्त्व मोठे होते, कारण मूळ कोडमध्येच केलेले बदल नवी आवृत्ती बसवताना पुसले जात.

२००९ मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी पीएसजीआय हा संकेत आणि तो राबवणारे प्लॅक मांडले. अनुप्रयोग आणि सर्व्हर यांच्यात ठरलेला करार झाला, त्यामुळे तोच अनुप्रयोग वेगवेगळ्या सर्व्हरवर चालू लागला. नोंद, ओळखतपासणी यांसारखी कामे मधल्या थरात आली.

पुढे भाषाही बदलली. २०१५ मधील ५.२२ आवृत्तीत ‘सीजीआय डॉट पीएम’ पर्लच्या मूळ संचातून वगळले गेले. ते वेगळे बसवावे लागते. २०१७ मधील ५.२६ मध्ये चालू फोल्डरमधून आपोआप मॉड्यूल शोधणे सुरक्षिततेसाठी थांबवले गेले. त्यामुळे बंद पडलेल्या जुन्या अनुप्रयोगात मॉड्यूलचा मार्ग स्पष्ट लिहावा लागतो. असे अनुप्रयोग दुरुस्त करता येतात, कारण पर्लची स्क्रिप्ट सर्व्हरवर मूळ रूपातच असते आणि वाचता येते. लॉगमधील नोंदीवरून नेमकी ओळ सापडते आणि ती तिथेच सुधारता येते.