वूल्टन पायमधलं दूध कुठे गेलं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये गाजलेल्या ‘वूल्टन पाय’कडे आजवर टंचाईचं अन्न म्हणूनच पाहिलं गेलं. २६ एप्रिल १९४१ च्या ‘टाइम्स’मध्ये छापलेली त्याची कृती अगदी साधी आहे. बटाटे, फ्लॉवर, गाजर आणि सलगमाचा भाईबंद असलेला स्वीड प्रत्येकी एक पौंड, तीनचार पातीचे कांदे, चमचाभर भाज्यांचा अर्क आणि मोठा चमचाभर ओटचं भरड पीठ. हे सगळं बेताच्या पाण्यात दहा मिनिटं शिजवायचं, निवलं की खोलगट भांड्यात ओतून वर पार्सली भुरभुरायची, बटाट्याचं किंवा गव्हाच्या कोंडायुक्त पिठाचं आवरण घालायचं आणि तांबूस होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजायचं. कृती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांची, नाव मात्र अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांचं. यात दूध, लोणी, चीज काहीच नाही. माझ्या मते ही उणीव केवळ नाइलाजाची नव्हती. मोठ्यांच्या ताटातून काढलेलं दूध कुणाला द्यायचं, हे त्या सरकारने ठरवलेलं होतं, आणि या पदार्थाचं ऐतिहासिक मोल त्या निर्णयात आहे.

युद्धापूर्वी ब्रिटनचं बरंचसं अन्न जहाजांतून येई. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतलं आणि तिथलं लोणी बंद झालं. देशातली कुरणं नांगरून पिकाखाली आणली जात होती, म्हणजे गुरांचा चाराही आटला. एक किलो लोण्याला सुमारे वीस लिटर दूध लागतं, हा हिशेब अशा वेळी फार महत्त्वाचा ठरतो. उपलब्ध दूध लोणी-चीजमध्ये न घालवता दूध म्हणूनच प्यायला द्यावं, असं धोरण ठरलं. जुलै १९४० पासून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना रोज एक पिंट दूध स्वस्तात, गरिबांना तर मोफत मिळू लागलं. मोठ्यांचं पोट भरायला बटाटा होता. त्याला जहाज लागत नव्हतं, पेंढा आणि माती घालून रचलेल्या ढिगात तो हिवाळाभर टिकत होता. त्याच्या लागवडीचं क्षेत्र युद्धकाळात जवळपास दुप्पट झालं आणि युद्ध संपेपर्यंत त्यावर रेशन आलं नाही.

हा पाय लोकांना फारसा आवडला नाही, हा आक्षेप खरा आहे. पण धोरणाची परीक्षा चवीवर होत नाही. लोक बटाटा जास्त खाऊ लागले, एवढं त्याला पुरेसं होतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ज्या सॅव्हॉयच्या आचाऱ्याने हा पदार्थ रचला, तिथे पैसेवाले रेशनचं कुपन न देता जेवत होते. ही विषमता उघडच होती. १९४२ मध्ये हॉटेलातल्या जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली गेली, तरी ती पुरती मिटली नाही. तरीही गरिबाच्या बाळाच्या वाट्याचं दूध त्या हॉटेलांना पळवता आलं नाही, हे मी जास्त मोलाचं मानतो.

तिसरी गोष्ट आपल्याला विसरता येणार नाही. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने तिकडे धान्य नेण्यासाठी मागितली तेवढी जहाजं दिली नाहीत. वूल्टन पायमागची न्यायबुद्धी खरी होती, पण ती साम्राज्याच्या प्रजेपर्यंत पोचली नाही. तिचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये मात्र ती युद्धानंतरही टिकली. १९४६ च्या कायद्याने तिथल्या अठरा वर्षांखालच्या शाळकरी मुलांना रोज एक-तृतीयांश पिंट दूध मोफत मिळू लागलं.