फ्लॉरेन्सचें दयामंडळ व त्याचें संग्रहालय

इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत महामंदिराच्या चौकीं, जॉत्तोच्या घंटाघरासमोर, एक जुनी इमारत उभी आहे. ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दया, असें नांव धारण करणाऱ्या धर्मबंधूंच्या मंडळाचें हें ठाणें १५७६ पासूनचें होय. २०१६ सालीं तेथेंच मंडळाच्या इतिहासाचें संग्रहालय उघडण्यांत आलें. मंडळाचा आरंभ परंपरेनें १२४४ सालीं मानितात. आजाऱ्यांस इस्पितळांत नेणें व बेवारशी मृतांस मूठमाती देणें, हें त्याचें व्रत.

पंधराव्या शतकांत या व्रतास ओहोटी लागली. १४२५ सालीं बिगाल्लो नामक दुसऱ्या मंडळाशीं त्याची जोडणी झाली. मालमत्तेची देखरेख राहिली, खांदा देणारे मात्र नाहींसे झाले. पुढें १४७५ सालीं एका मनुष्यास रस्त्यांत बेवारशी प्रेत पडलेलें आढळलें. त्यानें तें आपल्या खांद्यावर घेतलें, तडक नगरसभेच्या वाड्यांत नेलें व अधिकाऱ्यांच्या पायांशीं ठेविलें, असें सांगतात. लाजेनें शहर जागें झालें आणि मंडळ पुनः उभें राहिलें. कथा त्या मनुष्यास नांव देत नाहीं.

बंधूंचा झगा प्रथम तांबडा होता, मागाहून काळा झाला. त्याची टोपी सारें तोंड झांकी. डोळ्यांपुरतीं दोन भोंकें. लहान मुलें भिऊन जावींत असाच हा वेष! परंतु डोली उचलणारा सरदार कीं चांभार, हें रुग्णास कळूं नये, म्हणजे तो कोणाच्याच उपकाराखालीं राहणार नाहीं, हा त्यांतील हेतु. रुग्णाच्या घरीं बंधूनें घोटभर पाण्यावांचून कांहीं घ्यावयाचें नाहीं, असाहि दंडक होता. आपण देवळाच्या बांकावर दात्याचें नांव कोरतों. त्यांत वावगें नाहीं खचित, तरी हा झगा पाहून क्षणभर थबकावें लागतें. १६३० च्या महामारींत हेच बंधु रोग्यांस वाहून नेत होते.

पोर्तुगालांतहि १४९८ सालीं राणी लिओनोर हिच्या पुढाकारानें लिस्बन येथें याच नांवाचें मंडळ स्थापन झालें, आणि पोर्तुगीज अमलाबरोबर तशीं मंडळें गोव्यांत व आपल्या वसईंत आलीं.

फ्लॉरेन्सचें मंडळ आजहि सेवेंत आहे. डोलीच्या जागीं रुग्णवाहिका आल्या, व सेवक आतां तोंड झांकीत नाहींत. त्यांचा आश्रयदाता संत सेबास्तियन; त्याच्या सणीं, २० जानेवारीस, आशीर्वाद दिलेले लहान पाव लोकांस वांटले जातात.