लूट (इंग्रजी क्रियापद)

लूट हे ‘बळजबरीने मालमत्ता हिरावून नेणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद आहे. ते हिंदीतील ‘लूट’ या शब्दावरून आले असून मराठीतील ‘लुटणे’ हे त्याचे सगोत्र रूप होय.

व्युत्पत्ती
या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘लुण्ट्’ या धातूत, किंवा चोरीचा माल या अर्थाच्या ‘लोप्त्र’ या शब्दात मानले जाते. १७८८ च्या एका आंग्ल-भारतीय शब्दसंग्रहात त्याची नोंद आढळते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशानुसार १८४१ चे चीनमधील युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ चा उठाव या काळात तो इंग्लंडमध्ये हळूहळू रूढ झाला.

मराठीतील अर्थ
शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मोगल अंमलातील जालना ही संपन्न बाजारपेठ लुटली. तेथे ‘लुटणे’चा अर्थ इंग्रजीप्रमाणेच युद्धाशी निगडित आहे. मात्र मराठीत आनंदही लुटला जातो आणि दसऱ्याला आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटून एकमेकांना दिली जातात. या अर्थछटा इंग्रजी शब्दात नाहीत. त्यामुळे ‘सोने लुटणे’चे भाषांतर त्याच क्रियापदाने केल्यास शुभेच्छेचा विधी दरोडा ठरतो.