खेळते भांडवल

व्यवसायाचे दैनंदिन व्यवहार चालू ठेवण्यासाठी कच्चा माल, अर्धवट तयार व तयार माल, ग्राहकांकडील येणी आणि हाती असलेली रोकड यांत गुंतलेले भांडवल. स्थिर भांडवल जमीन, इमारत व यंत्रे या रूपांत वर्षानुवर्षे अडकून राहते; खेळते भांडवल रोकडीतून मालात, मालातून उधारीत व उधारीतून पुन्हा रोकडीत येते. चालू मत्तेच्या एकूण रकमेस स्थूल, तर तीतून चालू देणी वजा जाता राहणाऱ्या रकमेस निव्वळ खेळते भांडवल म्हणतात. यांपैकी दुसरी संकल्पना अधिक उपयुक्त होय. कारण चालू मत्तेचा किती भाग दीर्घ मुदतीच्या पैशावर उभा आहे, हे तीवरूनच कळते.

भारतात हा प्रश्न कापडगिरण्यांपुढे ठळकपणे उभा राहिला. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. कापूस हंगामात खरेदी करावयाचा, सूत व कापड मात्र वर्षभर विकावयाचे, अशी या धंद्याची रीत. भागभांडवल इमारत व यंत्रे यांतच संपले, तर माल भरण्यासाठी पैसा बाहेरून आणावा लागे. बँका मालाच्या तारणावर कर्ज देत. पण सोबत व्यवस्थापन अभिकर्त्याची हमीही मागत. जनतेच्या ठेवी हा दुसरा आधार, विशेषतः अहमदाबादेत. त्या अभिकर्त्याच्या नावावर येत. त्याच्या पतीविषयी शंका निर्माण झाली, की ठेवी परत मागितल्या जाण्याचा धोका असे व नफ्यातील गिरणीही रोकडीवाचून अडचणीत येऊ शके.

व्यवस्थापन अभिकरण पद्धती १९७० मध्ये बंद झाली. तोपर्यंत बँकांची कॅश क्रेडिट पद्धत रूढ झाली होती. तीत साठा जितका मोठा तितकी उचल अधिक, असा उफराटा प्रकार घडे. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने पंधरा उद्योगांसाठी साठा व येणी यांची प्रमाणे सुचविली. त्याच्या दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मत्तेचा किमान २५ टक्के भाग उद्योगाने दीर्घ मुदतीच्या साधनांतून उभारावयाचा असे. १९७९ च्या चोरे समितीने हीच पद्धत उचलून धरली. या पद्धतींची सक्ती १९९७ मध्ये उठली.

लघुउद्योगांसाठी नायक समितीने १९९२ मध्ये सोपा मार्ग सुचविला : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के रक्कम बँकेने द्यावी, ५ टक्के उद्योजकाने घालावी. पैसा तीन महिन्यांत फिरून येतो, हे यामागील गृहीत. मोठ्या खरेदीदारांकडील बिले सहा-सहा महिने थकली, तर हे गणित कोलमडते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम अधिनियमाने सूक्ष्म व लघू पुरवठादारांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आणि विलंबास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले.